खुलासा: लाल टॉर्च कोल्ह्याला ‘दिसतच नाही’ हे खरं नाही

रात्री कोल्ह्याच्या शिकारीला लाल टॉर्च न्या, त्याला ती दिसतच नाही, असा मेसेज फिरतोय. हे अर्धसत्य आहे. कोल्ह्यासह श्वानकुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यांत शंकुपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी) दोनच प्रकारच्या असतात, माणसासारख्या तीन नाहीत. ६३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा लाल उजेड त्यांना मंद दिसतो, पण दिसतो. झोत थेट तोंडावर पडला की जनावर बिचकतं. म्हणून शोध झोताच्या फिकट कडेने घ्यायचा, डोळे चमकले की उजेड हळूहळू वाढवायचा. बटण दाबून एकदम उजळणारी टॉर्च इथेच घात करते. उजेड कमी-जास्त करणारी फिरवायची कळ हवी. नाइट व्हिजन म्हणजे अंधारात पाहायच्या दुर्बिणीसोबत वापरतात तो ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड (अवरक्त) दिवाही समोरून बारीक लाल ठिपक्यासारखा दिसू शकतो. ९४० चा दिसत नाही, मात्र नाइट व्हिजनचा पल्ला घटतो. आणि नुसत्या चमकेवर नेम धरू नये. पाळीव कुत्र्याचे डोळेही तसेच चमकतात.