जिवाणूंच्या नावाखाली मेटफॉर्मिन बंद करायला सांगणारा मेसेज

कोथरूडच्या मावशीला मधुमेह आहे. तिच्या व्हॉट्सॲपवर हे येऊन पडलं: "शरीरातल्या दहापैकी नऊ पेशी जिवाणूंच्या. मधुमेह आतड्यातल्या जिवाणूंमुळेच होतो, हे पुण्याच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. घरबसल्या शौचाची तपासणी करा, प्रोबायोटिक कॅप्सूल आणि भाकरी-उसळ सुरू करा, गोळ्या बंद करा."

गोळ्या बंद करू नका. बाकीचं नंतर.

मधुमेहींच्या आतड्यातले जिवाणू वेगळे दिसतात, हे खरं. पण २०१५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत फोर्सलुंड आणि सहकारी संशोधकांनी डेन्मार्क, स्वीडन आणि चीनमधले नमुने मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणारे आणि न घेणारे असे वेगळे करून पाहिले. आधी मधुमेहाच्या नावावर टाकलेला बराचसा फरक गोळीचा निघाला! गोळी न घेणाऱ्यांत ब्युटिरेट (आतड्याच्या पेशींना पोसणारं आम्ल) तयार करणारे जिवाणू कमी होते, एवढं उरलं. तेही कारण की परिणाम, हे अशा तुलनेतून ठरत नाही.

लोक फसतात ते पुढे. मेटफॉर्मिनने काहींना जुलाब, गॅस होतात. गोळी सोडली की पोट शांत होतं आणि श्रेय कॅप्सूलला मिळतं. साखर मात्र चढत असते, आणि सुरुवातीला ते जाणवतही नाही. पोटाचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा: जेवणासोबत घेणं, हळूहळू डोस वाढवणं, सावकाश विरघळणारी गोळी, असे उपाय आहेत.

'पुण्याचे शास्त्रज्ञ' म्हणजे गणेशखिंडीतली एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) ही संस्था असेल, तर तिथल्या गटाच्या २०१६ च्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू जास्त आढळले. त्यातून मधुमेहाचं कारण सिद्ध होत नाही, की उपचारही ठरत नाहीत.

तपासणीचं म्हणाल, तर नमुना प्रिझर्व्हेटिव्हशिवाय कुरियरमध्ये दोन दिवस उबेत राहिला की ई. कोलायसारखे जिवाणू त्यातच वाढतात. प्रयोगशाळेत तो उणे ८० अंशांवर गोठवतात. शिवाय रिपोर्टमधले आकडे टक्केवारीत असतात, त्यामुळे एक जिवाणू घटला की दुसरा न वाढताही वाढलेला दिसतो. त्यावरून डोस ठरत नाही.

दहापैकी नऊ पेशी? तो १९७० च्या दशकातला ढोबळ अंदाज. २०१६ च्या हिशेबात जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, आपल्या पेशी ३० लाख कोटी.

भाकरी-उसळीचा सल्ला तेवढा बरा आहे. जिवाणूंना तंतू (फायबर) मिळतात. एकदम वाढवू नका, पोट फुगतं.

ज्यांनी गोळी आधीच सोडली असेल, त्यांनी आजच साखर तपासून डॉक्टरांना फोन करावा. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला मनानेच दुप्पट डोस घेऊ नये.