मित्राचे वडील आजारी पडले असता चाहत्याने पाळायचे नियम

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. मॅचच्या दिवशी आजारी पडणे वाईटच, पण 22 ऑक्टोबर 2025 ला पडणे म्हणजे निव्वळ दुष्टपणा. गोरवांचा पाडवा, सकाळपासून वाड्यावरच्या गायींच्या गळ्यात झेंडूच्या माळा, आणि संध्याकाळी फातोर्ड्याला आमच्या गौरांची, म्हणजे एफसी गोवाची, रोनाल्डोच्या अल नासरशी गाठ. असा योग पुन्हा कधी यायचा? खुद्द रोनाल्डो येणार नाही हे आधीच कळले होते, तरी तिकीट कुणी परत केले नव्हते. आमच्या बाबांना एवढे कळायला नको? वय 74. फातोर्ड्याचे स्टेडियम 1989 मध्ये उघडले तेव्हापासून धेंपो-साळगांवकर या गोव्याच्या जुन्या क्लबांच्या मॅच बघायला फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून जाणारा माणूस, आणि त्याला फिक्स्चरचे भान नसावे! एक दिवस थांबता आले असते. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती, कुणाचे काही अडले नसते.

तर तुमच्या ग्रुपात असा एखादा करंटा निघालाच, तर गडबडून जाऊ नका. पुढील नियम पाळा.

त्याचा मेसेज आला की आधी हात जोडलेले तीन इमोजी टाका. मग तिकिटाची चौकशी करा.

हे तंत्र मी स्वतः अनुभवले आहे. पाच वीसला 108 मध्ये बसून मी लिहिले, ‘बाबांना लकवा आल्यासारखा वाटतोय, बांबोळीच्या इस्पितळात नेतोय, माझी वाट बघू नका.’ दोन मिनिटांत हात जोडून झाले. तिसऱ्या मिनिटाला ‘तिकेट?’ चौथ्या मिनिटाला ‘म्हजो मेहुणो आसा, ताका दी.’ किती नेमके! ‘बाबा कसे आहेत’ या प्रश्नाचे उत्तर लांबण्याची भीती असते. तिकिटाचे उत्तर हो किंवा नाही, विषय संपला. गाडी कुंडईच्या उतारावर होती. एका हाताने मी बाबांचा डावा हात धरला होता, तो ओल्या टॉवेलासारखा लोंबत होता, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी तिकीट फॉरवर्ड केले. होय, केले. अकरा वर्षांची सवय आहे, ग्रुपमध्ये कुणी काही मागितले की अंगठा आपोआप चालतो. मेहुण्याने लगेच अंगठाच पाठवला. पैसे अजून पाठवलेले नाहीत. ते मागू नयेत, हाही एक नियमच समजा. आजारपणात पैशाचे काढणे बरे दिसत नाही.

मॅच सुरू झाल्यावर पेशंटच्या नातेवाइकाला स्कोअर कळवत राहा. त्याचे मन रमते.

घरगुती उपाय सुचवायला विसरू नका. सुईने दहाही बोटांची टोके टोचून रक्त काढले की लकवा उतरतो, असा व्हिडिओ तुमच्याकडे असेलच. तो ग्रुपवर न टाकता खासगीत पाठवा, म्हणजे आपुलकी वाटते.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष भेटायला जा. जाताना कालचीच नारिंगी जर्सी घाला, न धुतलेली. शहाळे न्या. वॉर्डात शिरल्या शिरल्या नर्सकडे न बघता शहाळ्यात नळी खोचा आणि ‘घे काका, पी, ताकद येता’ म्हणत पेशंटच्या तोंडाला लावा. लकव्याच्या माणसाला गिळता येते की नाही हे तपासल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही देत नाहीत, ठसका लागून ते फुप्फुसात जाते, हे तुम्हाला माहीत असण्याचे कारण नाही. पलंगाच्या डोक्याशी तसा कागद चिकटवलेला होता, पण तुम्ही पलंगावर बसला होता, मग तो दिसणार कसा? नर्सने शहाळे हिसकावले की ‘हांगाचे लोक मातशे उर्मट’ असे मोठ्याने म्हणा. मग ते शहाळे स्वतः पिऊन टाका. आणि नळी चोखता चोखता मुद्द्यावर या, ‘तू आसल्लो जाल्यार ड्रॉ जातलो आसलो.’ मी अकरा वर्षे ज्या खुर्चीत बसतो तिथे मेहुणा बसला, आणि मेहुणा पनवती आहे. म्हणजे 2-1 ने हरण्याचे मूळ कारण माझे बाबा.

मध्यंतराच्या आत आमच्या ब्रायसनने एक गोल फेडला होता, बाकी एकच राहिला होता, हे मला वॉर्डात तीन वेळा सांगण्यात आले.

मुंज, बारसे, वर्षश्राद्ध यांचा मुहूर्त काढण्याआधी भटजींना फिक्स्चर दाखवून घ्या.

घरच्या कामांबद्दल वेगळा नियम नाही. ती मॅचच्या दिवशी आपोआप होतात. आमच्याकडे त्या दिवशी दिवाळीचे फोव, जेवण, बाबांच्या गोळ्या, मुलीचा दहावीचा अभ्यास, सगळे आपोआप झाले. आपोआपला एक नाव आहे, ती माझी बायको आहे, आणि दुपारी दोन वाजता बाबा काय म्हणाले हे घरात फक्त तिला आठवत होते.

ते सांगतोच.

बांबोळीला डॉक्टरणीने पहिला प्रश्न विचारला, ‘हे शेवटचे धड कधी होते? नेमकी वेळ सांगा.’ रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, आणि तेही स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. मी छाती पुढे काढून सांगितले, पाच वाजता. पाचला मी जर्सी घालून निघालो होतो, बाबा दारात चहाचा कप घेऊन उभे होते, कप तिरका झाला, चहा त्यांच्या पायावर सांडला तरी ते कपाकडेच बघत राहिले, आणि तोंड एका बाजूला ओढले गेले. माझा हिशेब चोख. मागून बायको म्हणाली, ‘नाही. दोनला जेवून उठताना हात जड वाटतो म्हणाले होते. तुम्हीच म्हणालात, कुशीवर झोपला असाल.’

म्हणालो होतो. फोनवरून डोके न काढता म्हणालो होतो. बोरी पुलावरच्या ट्रॅफिकवर आमची चर्चा चालू होती.

20 डिसेंबर 2015 ची चेन्नईयिनविरुद्धची आयएसएल फायनल मला विचारा. आमच्या जोफ्रेने फ्री किक मारली 87 व्या मिनिटाला, आम्ही 2-1 पुढे, 90 व्या मिनिटाला आमच्याच कीपरच्या हातून सेल्फ गोल, आणि भरपाईच्या वेळेत दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या मेंडोझाचा गोल. दहा वर्षे झाली, मिनिटे तोंडपाठ आहेत. आणि बापाचा हात कधी पडला ते मला सांगता आले नाही. डॉक्टरणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पावणेसात वाजले होते. दोनपासून मोजा.

खिशात फोन थरथरत होता. ग्रुपवर टीम शीट आली होती.

आता नियम पुरे झाले. कारण हे तुम्ही सगळे वाचणार आणि खाली हसण्याची तोंडे टाकणार, हे मला ठाऊक आहे. हसू नका. मेल्यांनो, तुम्ही चौदा जण आहात. चौदा! फातोर्ड्याहून घरी जाताना फोर्सा गोवा ओरडून तुमचा आवाज बसतो, एकमेकांना भाऊ म्हणता, वास्कोत एकाची स्कूटर बंद पडली तर रात्री एक वाजता तिघे धावलात, मी पाहिले आहे. मग बाप पडला की काय होते तुम्हाला? तीन रात्री मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढल्या. एकानेही विचारले नाही की तू जेवलास का, दोन तास मी बसतो, तू जाऊन अंघोळ करून ये. पुढच्या मॅचला येतोस का, हे मात्र सहा जणांनी विचारले.

आणि मी कोण मोठा शहाणा? गेल्या वर्षी आपल्यातल्याच एकाच्या बायकोचे ऑपरेशन झाले तेव्हा मी काय केले? फुलांचा स्टिकर टाकला आणि खाली विचारले, शनिवारी ताशा तू आणतोस की दुसऱ्याला सांगू? त्याने आणला. गुमान आणून ठेवला, वाजवला नाही. तेव्हा मला वाटले, याचा मूड नाही. मूड! यंदा त्या चौदांत एकटा तोच काही बोलला नाही, इमोजीसुद्धा टाकला नाही, आणि भाऊबीजेच्या रात्री अकराला डबा घेऊन वॉर्डाच्या दारात उभा होता. भात, सोलकढी, तळलेली बांगड्याची तुकडी. खाऊन होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. म्हणून वर चौदा म्हटले ते तेरा वाचा.

बाबा घरी आहेत. डावा हात अजून उचलत नाही, बोलणे जरा जड आहे, पण समजते सगळे. टीव्हीवर मॅच लावली की ते बघतात आणि मी त्यांच्याकडे बघतो. फिजिओ मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता येतो, तेव्हा येऊ नका. बाकी कधीही या. संत्री नकोत, शहाळे तर नकोच. येऊन दोन तास त्यांच्याजवळ बसा आणि धेंपोच्या जुन्या मॅचबद्दल विचारा, ते सावकाश सांगतील, घाई करू नका. तेवढ्यात बायको जरा आडवी होईल.

आणि मेहुण्याला म्हणावे, तिकिटाचे पैसे.