गच्चीच्या गळतीवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

गच्चीच्या गळतीवर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. इतर वाचकांसाठी तिचा सारांश देते. त्यांचं म्हणणं असं: लेख एकांगी आहे. ब्रिकबॅट कोब्याचं, म्हणजे गच्चीवर विटांचे तुकडे मसाल्यात बसवून केलेल्या थराचं, वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं आणि गच्चीवर माणसांच्या वावराचा भारच मुळात दीडशे किलो धरतात, हे मी सांगितलं नाही. मेम्ब्रेन (गच्चीवर चिकटवायचा जलरोधक पडदा) आणि कोटिंग (ब्रशने मारायचा जलरोधक थर) यांना मी उगाच नावं ठेवली. दारावर येणाऱ्या वॉटरप्रूफिंगवाल्यांना परत पाठवा असं सांगणं हा ‘सोसायटीतल्या सुखवस्तू लोकांचा माज’ आहे. आणि शेवटचं वाक्य असं: ‘सिव्हिलचा एक पेपरही न दिलेल्या बाईंनी असले गवंडीछाप उपाय लोकांच्या गळ्यात मारू नयेत.’

एक गोष्ट आधीच मान्य करते. मी एकाच परिच्छेदात कुठे इंच, कुठे मिलिमीटर वापरले होते. त्याने वाचणारा अडखळतो हे आपलं म्हणणं रास्त आहे. आता सगळीकडे इंच केले आहेत. आभार.

आता ‘गवंडीछाप’.

माझे वडील गवंडी होते. आपल्याला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण माहीत नसताना तो शब्द शिवीसारखा वापरायचीही गरज नव्हती. सातारा जिल्ह्यातून पुण्यात येऊन त्यांनी उभी हयात दुसऱ्यांची घरं बांधली, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात जवळजवळ फक्त गच्च्या केल्या. सुट्टीत मी त्यांच्या कामावर जायची. विटा भिजवायचं काम माझ्याकडे असायचं. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट कच्चं राहतं, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. ते मी पिंपातल्या विटांमधून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तिथे उभी राहून शिकले.

काम सुरू करण्याआधी ते गच्चीवर पाणी ओतायचे आणि ते कुठे जातं, कुठे रेंगाळतं, हे नुसतं बघत बसायचे. मालकाला वाटायचं, माणूस वेळ घालवतोय. त्यानंतर लेव्हलची नळी लावून उतार ठरायचा, शंभराला एक, सगळा पाइपाच्या तोंडाकडे. विटांचे तुकडे उभे, एकमेकांना खेटून पण मधे मसाल्याला जागा ठेवून. कठड्याच्या मुळाशी काटकोन राहू द्यायचा नाही, तिथे गोलाई द्यायची, मिस्त्री लोक तिला वाटा म्हणतात, कारण स्लॅब आणि भिंत वेगवेगळी हलतात आणि पहिली चीर तिथेच जाते. वर घोटाई करून दोरीने चौकोन मारायचे. मग मसाल्याचे बांध घालून आळी करायची आणि पाणी भरून ठेवायचं. तुमच्या आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस ओलावा ठेवा असं लिहिलं आहे. वडिलांनी ते पुस्तक कधी पाहिलं नाही. आळी मात्र ते त्याहून जास्त दिवस भरलेली ठेवायचे, आणि मालकाने घाई केली तर त्याच्याशी भांडायचे.

यातली कुठली पायरी तुम्हाला अशास्त्रीय वाटली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. फक्त ‘गवंडीछाप’ लिहिलं. पेपर मी दिले नाहीत, खरं आहे. पण ज्यांनी दिले त्यांच्या कागदावरचा उतार स्लॅबवर कुणी आणला, हा प्रश्न निदान स्वतःला तरी विचारा.

कोटिंगबद्दल. मी ते वाईट म्हटलं नव्हतं, लेख पुन्हा वाचा. पाणी कुठून येतंय हे शोधण्याआधी कोटिंगला पैसे देऊ नका, एवढंच म्हटलं होतं. छतावरचा डाग भर मे महिन्यातही वाढत असेल तर तो पावसाचा नाही, नळाचा आहे. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीच्या ट्रॅपमध्ये (पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्यात) रंगीत पाणी सोडून पाहा, खाली रंग उतरला तर गच्चीला हात लावायची गरजच नाही. आणि छताला खोलीच्या आतून वॉटरप्रूफ रंग लावणं तर सर्वांत वाईट. ओल दिसेनाशी होते, पण पाणी स्लॅबमध्येच राहतं. सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि मग खालचे पोपडे पडून सळई उघडी पडते. नुसतं कोटिंग केलेल्या गच्चीवर आमच्याकडे लोक खाटा ओढतात, कुरडया वाळत घालतात, मुलं क्रिकेट खेळतात. तो थर किती टिकणार? मेम्ब्रेनवरही संरक्षक थर लागतोच.

आता ‘माज’. माझी आई घरी एकटी असताना असेच दोघे आले होते. शेजारच्या इमारतीत काम चालू आहे, माल उरलाय, आज घेतलंत तर निम्म्यात करतो. फुकट तपासणी म्हणून हातोडीने कोबा ठोकला, पोकळ आहे म्हणाले, आगाऊ रक्कम घेतली आणि ब्रशने पांढरं काहीतरी दोनदा मारून गेले. पुढच्या पावसात डाग तिथेच. गळती होती टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाच्या सांध्यात. गवंड्याच्या विधवेला गच्चीच्या नावाने फसवलं गेलं, आणि माज माझा?

नव्या इमारतीत तर हे आणखी महागात पडतं. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर रेरा कायद्याच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या) कलम १४ च्या पोटकलम ३ प्रमाणे बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा असतो. त्या मुदतीत तुम्ही दारावरच्या माणसाकडून कोबा फोडून घेतलात, की बिल्डर म्हणायला मोकळा: आमचं काम तुम्हीच बिघडवलंत. म्हणून आधी लेखी तक्रार, फोटोसह. मग बाकीचं. फोनवरून पिच्छा पुरवणाऱ्यांची तक्रार करायला १९०९ हा नंबर आहे. जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवा. साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला तर ७ दिवसांच्या आत तक्रार करा. नियमांतल्या २०२५ च्या बदलाआधी ही मुदत ३ दिवसांचीच होती. कष्टाने पोट भरणाऱ्या माणसाचा यात काही अपमान नाही. माझ्या वडिलांनी कधी कुणाची बेल वाजवून काम मागितलं नाही. त्यांचं काम पाहिलेले लोक त्यांना शोधत यायचे.

राहिला वजनाचा मुद्दा. कोबा जड असतो, कोण नाही म्हणतंय? जुना काढून मगच नवा घालायचा असतो आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं असतं. त्यावर वेगळा लेख लिहावा इतकं त्यात काही नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, उतारावर लिहा, मसाल्याच्या प्रमाणावर लिहा, मी उत्तर देईन. ‘असल्या बाईंनी’ आणि ‘गवंडीछाप’ हे शब्द असलेली प्रतिक्रिया मात्र यापुढे इथे छापली जाणार नाही.