दुसऱ्या मॉनिटरच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

भाऊ नमस्कार, तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करता करता पाह्यला अन् खरं सांगतो, घरी जाऊन जेवण गोड लागलं नाही. तुम्ही लिहिलं की गरज नसताना दुसरा मॉनिटर गळ्यात मारला, त्याच्यावर अक्षरं पुसट दिसतात, ऑटोकॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) अटकून राहिलं, आठ दिवसांत मान धरली अन् तीनदा फोन लावला तरी कोणी उचलला नाही. तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलं तर मी पण इथंच सगळ्यांसमोर सांगतो.

फोनचं पहिले. मी दोन दिवस माल आणायला नागपूरला होतो, दुकानचा फोन पोराजवळ होता, त्यानं परत लावला नाही. चूक आमची आहे, माफी मागतो.

पुसट अक्षरांची चूक पण आमचीच. तुमच्या डिलिव्हरीच्या दिवशी एचडीएमआय केबल एकच शिल्लक होती म्हणून दुसऱ्या मॉनिटरला कन्व्हर्टर लावून व्हीजीए केबल दिली अन् चार दिवसांत बदलून देतो म्हटलं होतं, ते राहूनच गेलं. व्हीजीएमधून चित्र अ‍ॅनालॉग सिग्नल बनून जाते अन् मॉनिटरला ते पुन्हा एकेका पिक्सेलवर बसवावं लागते, त्यात केबल पातळ असली की कडा पसरतात. पिक्चर पाहताना कोणाला समजत नाही, पण कॅडमधली रेघ एकेका पिक्सेलची असते, हॅच म्हणजे अशाच रेघांची जाळी, डायमेन्शनचे आकडे बारीक, तिथं लगेच दिसते. तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे.

आता ऑटोकॅड अटकते त्याचं. तुम्ही फोटो टाकले ते लय बरं केलं. कॅबिनेटच्या मागच्या फोटोत पाहा, मेन मॉनिटरची केबल वर, यूएसबीच्या बाजूला लागलेली दिसून राहिली. तो मदरबोर्डचा पोर्ट आहे. ग्राफिक्स कार्डचे पोर्ट त्याच्या खाली आडव्या पट्टीवर आहेत अन् आम्ही लावून दिलं तेव्हा केबल तिथंच होती. टेबल सरकवताना निघाली असेल अन् हाताला जो पोर्ट लागला त्यात गेली असेल, लय जणांचं होते असं. चित्र दोन्हीकडून येते म्हणून कोणाला काही कळत नाही, पण मग त्या स्क्रीनचं काम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर पडते अन् तुम्ही पैसे मोजून घेतलेलं कार्ड नुसतं बसून राहते. कॉम्प्युटर बंद करा, केबल खालच्या पट्टीत लावा, मग ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही कमांड टाकून पाहा, तिथं कार्डचं नाव अन् हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन ऑन दिसलं पायजे. एवढं करूनही अटकलं तर मग माझा प्रश्न, मी पाहतो.

मानेचं कारण दुसऱ्या फोटोत आहे. दोन्ही मॉनिटर जोडून मधोमध ठेवले, म्हणजे खुर्चीत बसलं की नाकासमोर दोघांच्या मधली काळी पट्टी येते अन् दिवसभर मान कोणत्यातरी एका बाजूला वळलेली राहते. त्यात उजवा पाटावर ठेवल्यानं चार बोटं उंच झाला. मेन मॉनिटर सरळ समोर घ्या, कीबोर्ड त्याच्यासमोर, वरची कड डोळ्याच्या लेव्हलला किंवा जराशी खाली. दुसरा बाजूला, थोडा तुमच्याकडं वळवून. पाट काढा.

पण गरज नव्हती म्हटलं ते मात्र मला मान्य नाही भाऊ. मी दुकान टाकायच्या आधी आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल आहे, दोन वर्षाचा ट्रेड केला अन् मग इथंच तालुक्याला एका इंजिनिअरकडं लेआउट काढत होतो. स्क्रीन एक, अन् मोजणीची क प्रत, म्हणजे जमिनीच्या मोजणीचा सरकारी नकाशा, टेबलावर, पेपरवेट ठेवून, नाहीतर कूलरच्या हवेनं उडे. मान खाली, आकडा वाचायचा, मान वर, टाकायचा. एक दिवस 12.60 मीटरच्या जागी 12.06 टाकला. 54 सेंटिमीटरचा फरक, कोपरा जुळेना, अन् ते पाप सापडेपर्यंत माझे दोन दिवस गेले, तिकडं जागेवर चुन्यानं आखणी करायला आलेली माणसं बसून. तुम्ही दुकानात म्हटलं की क प्रतीचा पीडीएफ अन् ड्रॉइंग दिवसभर ऑल्ट टॅब दाबून आलटून पालटून पाहत राहतो, तेव्हा मला तेच आठवलं अन् म्हणून बोललो की दुसरा घ्या. पीस विकायचा म्हणून नाही बोललो.

तुमच्याकडं ऑटोकॅड 2018 आहे, त्यात ड्रॉइंगचा टॅब ओढून दुसऱ्या स्क्रीनवर नेता येत नाही, ती सोय 2022 पासून आली. म्हणून तुम्हाला वाटलं की दुसरा रिकामाच पडून आहे. पण विंडोज अन् पी दाबून एक्सटेंड करा (डुप्लिकेट असलं तर दोन्हीकडं एकच चित्र, मग काही उपयोग नाही), कंट्रोल 1 नं प्रॉपर्टीज उघडा अन् ती खिडकी, लेयरची खिडकी, दोन्ही उचलून तिकडं ठेवा. बाजूला क प्रतीचा पीडीएफ अन् एस्टिमेटची एक्सेल. इकडं पूर्ण स्क्रीन ड्रॉइंगला मोकळी होते. एकदा आठ दिवस असं काम करून पाहा, एवढीच विनंती.

एक गोष्ट मी तेव्हा सांगायला पायजे होती, ती राहिली. दोनच्या ऐवजी 27 इंचाचा एकच 2560 बाय 1440 वाला पण चालला असता. त्याच्यात जवळपास 37 लाख पिक्सेल, तुमच्या दोन फुल एचडीमध्ये मिळून 41 लाखांच्या वर, म्हणजे जागा थोडीच कमी अन् मधली पट्टी नाही. 27 इंचात साधा फुल एचडी मात्र कोणी दिला तरी घेऊ नका, अक्षरं जाडी दिसतात. हा पर्याय तुमच्यासमोर ठेवला नाही, ते तुमचं बोलणं मी ऐकून घेतो.

अन् लाइन गेल्यावर यूपीएस लवकर बसतो असं खाली लिहिलं, तर दुसरा मॉनिटर यूपीएसवरून काढून साध्या प्लगवर टाका. लाइन गेली तर तो बंद होईल, ड्रॉइंग सेव्ह करायला मेन तर चालू राहील.

नवी एचडीएमआय केबल तुमच्या नावाची चिठ्ठी लावून काउंटरवर ठेवली आहे, पैसे नाही घेणार. गुरुवारी मी दिग्रसकडं येऊन राहिलो, तुमच्या गावावरूनच जायचं आहे, दुपारच्या आधी घरी येतो अन् स्वतः लावून देतो, टेबलही सरळ करून देतो. खोका अन् बिल फेकू नका. आठ दिवस वापरून पण नको वाटला तर दुसरा मॉनिटर वापस घेतो अन् पूर्ण पैसे देतो, नाहीतर फरक देऊन 27 वाला घ्या, तुमची मर्जी. गुरुवारी शेतात जाणार असाल तर आधीच्या दिवशी फोन करा, आता फोन माझ्याजवळच आहे.