आपल्या नावात अवैध अक्षर आहे

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की नातेवाइकांना वाटतं हा अमेरिकेतल्या बँका चालवतो, प्रत्यक्षात मी एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीच्या फॉर्ममधला 'नाव' हा एक रकाना सांभाळतो. बाकीचा फॉर्म दुसऱ्यांकडे आहे, माझ्याकडे फक्त नाव, आणि नावातसुद्धा एवढंच बघायचं की त्यात भलतंसलतं अक्षर शिरायला नको. तिकिटावर, म्हणजे कामाच्या चिठ्ठीवर, एकच ओळ होती, 'नावात फक्त मराठी अक्षरे चालावीत', आणि खाली मॅनेजरने लिहिलेलं, पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या धंद्यात पाच मिनिटांचं काम असं कोणी म्हणालं की मी आधी घरी फोन करून सांगतो, जेवायला थांबू नका.

माझ्याआधी हा रकाना ज्याच्याकडे होता तो आता कॅनडात असतो. त्याने चेक, म्हणजे अक्षरं तपासणारा कोड, लिहिलेला होता, चालूही होता, आणि तरी शाखेतून सारखे फोन, की साहेब, हे 'आपल्या नावात अवैध अक्षर आहे' असं म्हणतंय. कोणाच्या नावात? तर तुकारामच्या. आता तुकाराम या नावात अवैध काय असणार, देहूपासून पंढरपूरपर्यंत असं म्हणायची कोणाची छाती नाही. कोड उघडून बघितला तर त्याने 'अ ते ह' अशी सरळ रेंज देऊन ठेवलेली, म्हणजे अ पासून ह पर्यंत सगळं आणि मधली मोकळी जागा चालेल, बाकी काही नाही.

शाळेत गेलेल्या कुठल्याही माणसाला वाटेल की अ ते ह म्हटल्यावर सगळं आलं की. पण युनिकोडच्या तक्त्यात, म्हणजे कॉम्प्युटरसाठी जगातल्या अक्षरांना नंबर दिलेत त्या तक्त्यात, देवनागरी अशी मांडलीय की आधी चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग, मग अ पासून स्वर, मग क पासून ह पर्यंत व्यंजनं, आणि ह संपल्यावर मग काना, वेलांट्या, उकार, मात्रा आणि तो पाय मोडायचा हलन्त. म्हणजे या रेंजमध्ये मुळाक्षरं तेवढी बसली आणि बाकी सगळी वरात दाराबाहेर. नतीजा असा की मदन, कमल, गणपत, शरद आत, आणि तुकाराम, विठ्ठल, गजानन बाहेर. वसंत तर बिचारा फक्त डोक्यावरच्या एका टिंबापायी बाहेर. पहिलीच्या पुस्तकातल्या पहिल्या धड्यासारखी सभासदांची यादी तयार होत होती, बिनकान्याची, बिनमात्र्याची. शरद पवार हे नाव मात्र आडनावासकट बिनतक्रार पास होतं, त्यावर शाखेतल्या क्लार्कने फोनवर जे राजकीय विश्लेषण केलं ते इथे देत नाही.

मग मुळात हे टेस्ट कसं केलं होतं? तर लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव टाकून बघितलं होतं. त्याचं नाव मी सांगणार नाही पण त्यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. आणि माझं तर मत असं झालंय की चालणाऱ्या अक्षरांची यादी जगात कोणीही करो, तो आधी स्वतःचं नाव बसवतो, मग बायकोचं, मग मॅनेजरचं, आणि मग चहाला जातो.

आमच्याकडे एक सिनियर आहेत, त्यांच्याकडे सगळ्या आजारांवर एकच गोळी, बॅकस्लॅश डब्ल्यू. रेजेक्स म्हणजे मजकूर कसा असावा याचा साचा सांगायची खुणांची भाषा, तिच्यात ही खूण म्हणजे 'शब्दात येणारं कुठलंही अक्षर'. म्हणाले टाक ते आणि मोकळा हो. टाकलं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला शब्द म्हणजे इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोर, त्यापलीकडे जग नाही, त्यामुळे मराठी नाव एकही जाईना आणि नुसते पाच-सहा अंडरस्कोर टाकले की 'नाव स्वीकारले'. मग सर्व्हरवर पायथन या दुसऱ्या भाषेत तेच टाकलं, पायथन शिकलेला आहे, त्याला देवनागरी अक्षरं कळतात, पण त्याच्या हिशोबात व हे अक्षर आणि व ला लागलेली वेलांटी ही नुसती खूण, त्यामुळे विद्या मधलं व, द, य एवढंच मान्य आणि बाकी विद्या अमान्य. यात युनिकोडचा दोष नाही हां, त्यांनी अक्षरं आणि खुणा असे दोन वर्ग व्यवस्थित करून ठेवलेत, जावास्क्रिप्टला पण २०१८ पासून वर्गाच्या नावाने विचारता येतं की अक्षर चालेल, खूण पण चालेल, पण ते वाचायला आधी कोणाला तरी वाटलं पाहिजे ना की माझ्या नावापलीकडे पण नावं असतात.

मजा बघा, ही रेजेक्सची भानगड सुरू कुठून झाली, तर स्टीफन क्लीनी नावाचे अमेरिकन गणिती १९५१ मध्ये मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याचं गणिती रूप तपासत होते, त्यातून ही मांडणी निघाली, मग १९६८ च्या आसपास केन थॉम्पसन नावाच्या प्रोग्रॅमरने ती मजकूर शोधायच्या प्रोग्रॅममध्ये आणली. म्हणजे मेंदूचं गणित करताना निघालेलं हत्यार, आणि आम्ही ते घेऊन गजाननला दारात अडवतो.

असो. मग मी देवनागरीचा अख्खा ब्लॉक उघडून दिला, १२८ जागा आहेत, घ्या सगळे आत. आणि तिकीट टेस्टर मॅडमकडे गेलं.

टेस्टर मॅडमबद्दल थोडं सांगायला हवं. एरवी अतिशय सोज्वळ बाई, डब्यातली भाजी सगळ्यांना देतात, पण नावाचा रकाना समोर आला की अंगात येतं. त्यांनी पहिलंच नाव टाकलं ते म्हणजे नुसत्या तीन वेलांट्या, अक्षर नाहीच, स्क्रीनवर ठिपक्या ठिपक्यांची रिकामी गोल वर्तुळं आली आणि त्यांना लोंबकळणाऱ्या वेलांट्या, आणि खाली हिरव्या अक्षरात 'सभासद नोंदणी यशस्वी'. दुसऱ्या सभासदाचं नाव दोन दंड, कीर्तनाच्या पोथीत असतात तसले. तिसरा सभासद म्हणजे वेदातला स्वर दाखवायची उभी रेघ. मग त्यांनी त्या ब्लॉकच्या शेवटी सिंधीसाठी घातलेली अक्षरं शोधून काढली, ग च्या खाली रेघ असलेली वगैरे, आणि म्हणाल्या, तिकिटात मराठी लिहिलंय, हे मराठी आहे का? नाही ओ मॅडम, नाही.

तेव्हा मग मी व्याकरण घातलं. वेलांटी-मात्रा व्यंजनानंतरच येईल, हलन्त व्यंजनानंतरच, अनुस्वार शेवटी, स्वराला मात्रा लागणार नाही. एवढी लांब ओळ झाली की स्क्रीन आडवी सरकवायला लागायची, आणि मला वाटलं आपण आता व्याकरणकार मोरो केशव दामल्यांच्या पंगतीत बसलो. दुसऱ्या दिवशी एका वकीलसाहेबांचा फोन. त्यांना नावाआधी ॲड. लावायचं होतं आणि फॉर्म घेत नव्हता. माझ्या मशीनवर घेत होता. तर भानगड अशी की ॲ हे अक्षर एकसंध असं युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधी लोक अ काढायचे आणि त्यावर चंद्र ठेवायचे, आणि वकीलसाहेबांचा कीबोर्ड अजून तेच करतो. दिसायला जुळे भाऊ. पण माझ्या व्याकरणात स्वराला मात्रा लागत नाही. वकीलसाहेब म्हणाले, लेखी द्या की मी वकील नाही. मी म्हणालो सर, तुम्ही वकील आहात, फक्त तुमचा अ...

आणि मग आले कऱ्हाडे.

आडनाव कऱ्हाडे, काउंटरवर एक नाही, दोन सख्खे भाऊ. दोघांनी आपापल्या मोबाईलवरून फॉर्म भरला, धाकट्याचा गेला, थोरल्याचा 'अवैध अक्षर'. एकच आई, एकच बाप, एकच आडनाव, आणि शाखेत आता वेगळीच कुजबुज सुरू. माझ्याकडे दोन्ही नावं आली, मी शेजारी शेजारी ठेवून भिंगातून बघितली, काही फरक नाही. मग आतले कोड काढले तेव्हा कळलं की तो जो मराठीतला खास रफार आहे, पापणीसारखा वाकडा, ऱ्ह आणि ऱ्य मधला, तो दोन रीतींनी लिहिता येतो आणि दोन्ही युनिकोडला मान्य. एक म्हणजे नुक्तावाला ऱ घ्या, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून र मारला की येतो तो, मग हलन्त, मग ह. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, आणि मग एक अदृश्य अक्षर, मग ह. हो, अदृश्य. झिरो विड्थ जॉइनर म्हणतात त्याला, रुंदी शून्य, दिसत नाही, काम फक्त शेजारच्यांची गाठ मारणे. आणि हा प्राणी देवनागरीच्या १२८ जागांमध्ये राहतच नाही, तो दुसरीकडे सगळ्या जगाच्या फुटकळ चिन्हांमध्ये राहतो, त्यामुळे माझ्या कडक चौकीदाराने थोरल्या कऱ्हाडेंना परप्रांतीय ठरवलेलं.

मग त्या अदृश्याला आत घ्यावं तर टेस्टर मॅडम टपलेल्याच. त्यांनी नावात फक्त ते अदृश्य अक्षर टाकलं. रकाना दिसायला रिकामा, कॉम्प्युटरच्या मते भरलेला, 'नाव आवश्यक आहे' हा चेक पण पास. यशस्वीरीत्या नोंदलेला अदृश्य सभासद, केवायसी बाकी. आणि अडवावं तर अर्धे कऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, कुऱ्हाडे बाहेर. आणि दोन्ही घ्यावेत तर शोधताना एक भाऊ सापडतो, दुसरा सापडत नाही, कारण युनिकोडचं जे नेहमीचं एकसारखं करून घ्यायचं तंत्र आहे ते या जोडीला हात लावत नाही. शेवटी आत घेताना दुसरा प्रकार गुपचूप पहिल्यात बदलून ठेवायचं ठरवलं, थोरल्यांना सांगितलं नाही.

एवढं होईपर्यंत बाकीच्या मागण्या यायला लागल्या होत्या. सौ. ला टिंब पाहिजे. कै. ला पाहिजे (कैलासवासी माणूस सभासद कसा होणार हे विचारलं, तर वारसाच्या फॉर्मला पण हाच रकाना आहे म्हणे). ह.भ.प. वाल्यांना तर तीन टिंबं पाहिजेत आणि ते सोडायला तयार नाहीत, बरोबरच आहे, कीर्तनं करून कमावलेली आहेत. एका पालकांनी मुलाचं नाव ॐकार असं लिहिलेलं, पहिलं अक्षर प्रत्यक्ष ॐ, त्याला अवैध म्हणायला मला भीती वाटली, सोडून दिलं आत. जोडआडनावाच्या ताईंना मधे आडवी रेघ हवी. 'अर्जदाराशी नाते' या रकान्यात लोक स्वतः लिहितात आणि विसर्ग म्हणून कोलन मारतात, महाराष्ट्रात खरा विसर्ग टाइप करणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि सावंतवाडीकडच्या शाखेत डिसोझा आहेत, त्यांच्या इंग्रजी नावात डी नंतर वरचा स्वल्पविराम लागतो, तो तर सगळ्यात मोठा गुन्हेगार, कारण कोड ढिसाळ लिहिलेला असेल तर त्या एका चिन्हाने डेटाबेसला वाटतं नाव संपलं, आता पुढे हुकूम आहे, आणि हॅकर मंडळी तिथूनच शिरतात. त्याचा खरा इलाज म्हणजे नाव आणि हुकूम डेटाबेसला वेगवेगळे द्यायचे, तसं दिलं की कोणी काहीही टाको. पण ते करायचा कंटाळा म्हणून गोव्यापासून वसईपर्यंतच्या निम्म्या डिसोझांची नावं फॉर्मवाल्यांनी पिढ्यानपिढ्या चिकटवून टाकली. आणि त्याच फॉर्मला पुढच्या पानावर पासवर्डमध्ये विशेष चिन्ह पाहिजेच असतं! नावात नको, पासवर्डमध्ये सक्ती.

लांबीचं तर बोलूच नका. नियम होता जास्तीत जास्त २० अक्षरं. समजा आळंदीचे ज्ञानेश्वर विठ्ठलपंत कुलकर्णी सभासद व्हायला आले, डोळ्यांनी मोजाल तर १३ अक्षरं, कॉम्प्युटर प्रत्येक हलन्त, प्रत्येक काना आणि मधल्या जागा धरून २९ मोजतो, आणि साठवताना यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, होतात ८३ बाइट. भिंत चालवलेला माणूस, आमच्या रकान्यात बसला नसता.

मी चेकच्या विरुद्ध नाही, गैरसमज नको. पॅन नंबर तपासा की, पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, चौथं अक्षर माणसाला पी, पाचवं आडनावाचं पहिलं, ठरलेलं आहे, चुकलं तर चुकलंच. आयएफएससी तपासा, ११ जागा, पाचवा कायम शून्य, आणि तिथे लोक ओ टाकतात, पकडा त्यांना, जरूर पकडा. ते सरकारने नाहीतर बँकेने दिलेले नंबर आहेत, देणाऱ्याला माहीत आहे त्यात काय येतं. नाव काय कोणी आमच्या कंपनीला विचारून ठेवलंय का? बारशाला आम्ही नव्हतो.

हे सगळं मी मीटिंगमध्ये मांडलं, आवाज थोडा चढला असेल. ठरलं असं की अक्षरं, खुणा, टिंब, रेघ, जागा, वरचा स्वल्पविराम सगळं घ्यायचं, निदान एक खरं अक्षर पाहिजे, ऱ्ह एकसारखा करून घ्यायचा, ॲ पण, आणि ते लांबलचक व्याकरण काढून टाकायचं. दामल्यांच्या पंगतीतून उठलो. टेस्टर मॅडमनी पण मान्य केलं, जरा नाराजीने.

नवीन व्हर्जन शाखांमध्ये गेलं आणि फोन बंद झाले. आठवड्याने पतसंस्थेच्या चेअरमन साहेबांचा आला. म्हणाले, अहो, ते अवैध अक्षरवालं यायचं बंद झालंय, चेक बिघडला का? मी म्हणालो साहेब, चेक चालू आहे, नावंच बरोबर आहेत. ते म्हणाले, पण मग लोकांना कळणार कसं की आपण तपासतो, काहीतरी दाखवा. म्हणून आता नाव टाकलं की खाली हिरव्या अक्षरात येतं, 'आपले नाव वैध आहे'. कालच एका आजोबांनी शाखेत जाऊन विचारलं, की म्हणजे आत्तापर्यंत नव्हतं का, आणि नसेल तर लग्नाचं काय.