लाटांच्या शोधात निघालेल्यांस काही नम्र सूचना

मुंबईच्या किनाऱ्यावर सर्फिंगची संस्कृती रुजवू पाहणाऱ्या उत्साही मंडळींना मढ या मच्छीमारांच्या गावातल्या एका रहिवाशाने चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात, असे गेल्या रविवारपासून मनात घोळत आहे.

प्रथम ऋतूची निवड करावी. आपल्याकडे लाट म्हणावी अशी लाट पावसाळ्यात उठते, आणि नेमक्या त्याच दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, मासेमारीच्या यांत्रिक होड्यासुद्धा बंदरात बांधून ठेवलेल्या असतात. म्हणून आपण आपले शिबिर थंडीत भरवावे. तेव्हा पाणी परातीत ओतल्यासारखे स्वस्थ असते. त्यावर फळी टाकून पालथे पडावे. छायाचित्र उत्तम येते.

उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (लहान भरती) कधी, हे ज्यांना नुसत्या तिथीवरून सांगता येते, त्यांना काहीही विचारू नये.

सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधने घालणारे, नियम १९९१ पासून अस्तित्वात आहेत, ही गोष्ट आपल्या गुंतवणूकदारांपासून लपवून ठेवावी.

यानंतर किनारा स्वच्छ करण्याचे काम हाती घ्यावे. स्वच्छ करायचा तो प्लास्टिकपासून नव्हे, माणसांपासून. रविवारी सकाळी माझी मावशी वलंडीवर, म्हणजे मासळी सुकवण्याच्या बांबूंवर, बोंबील टाकत होती आणि मी तिला टोपल्या उचलून देत होतो. बोंबलांची तोंडे एकमेकांत अडकवून जोडीजोडीने ते बांबूवर टांगावे लागतात. हे काम हातानेच होते आणि ऊन चढण्याआधी उरकावे लागते. तेवढ्यात शिबिराचा टी-शर्ट घातलेला एक तरुण आला आणि म्हणाला, "काकी, हे दोन तास हटवता येईल का? ड्रोन शूट आहे, फ्रेममध्ये येतंय." मावशीला वाटले, तो टोपल्यांविषयी बोलत आहे. त्याने बोट दाखवले ते वलंडीकडे, म्हणजे जमिनीत रोवलेल्या, माणसाहून उंच, बांबूच्या अख्ख्या मांडवाकडे. वर त्याने पाचशेची नोट काढली. टोपलीत राहिलेला ओला बोंबील दोन तासांत काय होतो, हे त्याला ठाऊक नसणे मी समजू शकतो. परंतु त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या आयोजकाने नाकाला रुमाल लावून "इथे वास फार येतो, पाहुणे तक्रार करतात" असे मला, या गावात जन्मलेल्या माणसाला, समजावून सांगावे? पाहुणे कोण, हे एकदा ठरवून घेतले पाहिजे.

असो, सूचना पुढे चालू. किनारा सुशोभित करताना भिंत अवश्य बांधावी, कारण भिंतीशिवाय विकास दिसत नाही. शेजारच्या आक्सा किनाऱ्यावरील भिंत हरित लवादापर्यंत पोहोचली, तशी आपलीही पोहोचेल. लाट भिंतीवर आदळून मागे फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. काही वर्षांत किनाराही उरत नाही आणि लाट फुटायला उतारही उरत नाही. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील जार्दिम दो मार येथे या शतकाच्या सुरुवातीला हेच झाले. ज्या लाटेसाठी जगभरातून सर्फर येत असत, तिची किनाऱ्यालगतच्या बांधकामाने वाट लावली. आपणही लाटेच्या नावाने पैसे गोळा करून लाटच संपवावी; एवढे सुबक कार्य दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

पॅसिफिकमधल्या, फ्रान्सच्या अमलाखालील ताहिती बेटाच्या लोकांचे उदाहरण मात्र घेऊ नये. पॅरिस ऑलिंपिकच्या सर्फिंग स्पर्धेसाठी तेआहूपो येथे प्रवाळावर पंचांसाठी अॅल्युमिनियमचा मनोरा उभारायचा ठरला, तेव्हा २०२३ मध्ये तिथले मच्छीमार आणि सर्फर एकत्र रस्त्यावर उतरले आणि मनोरा लहान करावा लागला. कामासाठी आणलेल्या तराफ्याने प्रवाळ मोडले ते मोडलेच. पण लक्षात घ्या, तिथले सर्फर मच्छीमारांच्या शेजारी उभे होते.

आणि तुम्ही? तुम्ही मावशीला फ्रेमबाहेर काढायला निघाला होतात. हे "आपण" आणि "करावे" आता पुरे झाले. समुद्र शिकायचा असेल तर खुशाल या, आमची पोरे तुम्हाला फुकट शिकवतील, कारण ती चालायला लागण्याआधी पाण्यात उतरलेली आहेत. पण आमच्या मासळी सुकवण्याच्या खळ्यावर उभे राहून आमच्याच मासळीचा वास आम्हाला सांगू नका. दुकान मांडायचे असेल तर आधी गावच्या मच्छीमार सोसायटीत येऊन विचारा. ड्रोनला पोलिसांची परवानगी होती का, तेही त्याच वेळी दाखवा. आणि ती पाचशेची नोट वलंडीच्या बांबूला खोचून गेला आहात, ती येऊन घेऊन जा. मावशीने हात लावलेला नाही.