‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ ही सत्यकथा नव्हे

जॉन बॉयन यांची २००६ सालची ही किशोर कादंबरी सत्यघटनेवर आधारित असल्याचा मजकूर फिरत आहे. तो चुकीचा आहे. नाझी अधिकाऱ्याचा मुलगा ब्रूनो आणि छळछावणीत कैद असलेला ज्यू मुलगा श्मुएल ही मुले काल्पनिक असून, लेखकाने स्वतःच पुस्तकाला बोधकथा म्हटले आहे. नऊ वर्षांची दोन मुले कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे बसून गप्पा मारतात, हे वाचताना मन हेलावते खरे. परंतु ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या तारांच्या कुंपणातून वीज सोडलेली असे, आणि श्मुएलच्या वयाच्या बहुतेक ज्यू मुलांना तेथे पोहोचताच विषारी वायूने मारले जाई. ज्यूंच्या या संहाराच्या इतिहासाचा अभ्यास किंवा अध्यापन करणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे, असे ऑशविट्झ स्मारकाने जानेवारी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले होते. अ‍ॅन फ्रँक या नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची १९४२ ते १९४४ मधील दैनंदिनी मात्र अस्सल आहे.